शुश्रूषा शाळेत शिकवावी. नोकरीचे गाजर दाखवून नव्हे

माध्यमिक शाळेत 'हेल्थ केअर' हा व्यावसायिक विषय सुरू करावा की नाही, यावर बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांच्या पालकसभांत आणि शिक्षकांच्या खोल्यांत जी चर्चा कानावर येते, ती ऐकून वाटते की दोन्ही बाजू एकाच चुकीच्या प्रश्नाला उलटसुलट उत्तरे देत आहेत. एक बाजू म्हणते, दहावी झाल्या झाल्या पोरांना दवाखान्यात काम मिळेल, घरी बसण्यापेक्षा काय वाईट? दुसरी बाजू म्हणते, आम्ही मुलांना शाळेत घालतो ते वॉर्डबॉय आणि आयाबाई करायला नव्हे. पहिल्यांना नोकरी दिसते, दुसऱ्यांना त्या नोकरीतला कमीपणा दिसतो. विषयाच्या पुस्तकात काय आहे, ते पंधरा वर्षांच्या मुलाला का यावे, कोणी शिकवावे आणि कोणत्या भाषेत, हे विचारायला मात्र कोणाला सवड नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. हा विषय शिकवावा. मुलांना आणि मुलींना सारखाच शिकवावा, आणि विज्ञानाच्या तोलाचे ज्ञान म्हणून शिकवावा. परंतु एखादी संस्था तो अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना बाजूला काढण्याची सोय म्हणून आणणार असेल, तर तेथे तो मुळीच सुरू होऊ नये आणि पालकांनी त्याला खुशाल विरोध करावा.

आधी माझ्याच बाजूच्या मंडळींचा दावा तपासू, कारण या विषयाचे सर्वांत जास्त नुकसान त्याच्या समर्थकांनी केले आहे. व्यावसायिक शिक्षणातून रोजगार हे आश्वासन आपल्याकडे नवे नाही. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरचे 10 टक्के विद्यार्थी 1990 पर्यंत आणि 25 टक्के विद्यार्थी 1995 पर्यंत व्यावसायिक शाखेकडे वळवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते साधले नाही, मग मुदती वाढवल्या गेल्या आणि त्याही उलटल्या. 2020 च्या धोरणाने पुन्हा 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख करून देण्याची भाषा केली, आणि त्याच धोरणाने बाराव्या पंचवार्षिक योजनेचा दाखला देऊन हेही नोंदवले की 19 ते 24 वयोगटातल्या भारतीय कामगारांपैकी औपचारिक व्यावसायिक शिक्षण मिळालेले पाच टक्क्यांहूनही कमी आहेत. जर्मनीत हे प्रमाण 75 आणि दक्षिण कोरियात 96 टक्के आहे. तीस-पस्तीस वर्षे जे आश्वासन मुदतीमागून मुदत चुकवत आले, त्यावर खानापूर तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने आपल्या मुलीचे भवितव्य टांगावे, असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

शिवाय नोकरीचा हिशोबही जुळत नाही. नववी-दहावीच्या या अभ्यासक्रमाचा रोख 'जनरल ड्यूटी असिस्टंट' या पदावर असतो, म्हणजे रुग्णाचे अंथरूण, आंघोळ, खाणेपिणे, हालचाल आणि ताप-नाडीची नोंद पाहणारा मदतनीस. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला या कामावर कोणतेही बरे रुग्णालय ठेवणार नाही, आणि जे ठेवेल तेथे पाठवू नये. परिचारिका व्हायचे असेल तर एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका) काय किंवा जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) काय, बारावी आणि किमान 17 वर्षे वय ही अट आहे, बी.एस्सी. नर्सिंगला तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊनच बारावी झालेली लागते. म्हणजे दहावीचे प्रमाणपत्र हाती येते तेव्हा पुढचे खरे दार अजून दोन वर्षे लांब असते. वक्ते केरळच्या नर्सेसचा दाखला देतात. गल्फपासून युरोपपर्यंत पोहोचलेली ती परिचारिका नववीच्या व्यावसायिक विषयातून घडली नाही. पूर्ण शालेय शिक्षण, त्यावर तीन-चार वर्षांचे नर्सिंग आणि कामापुरते पक्के इंग्रजी या वाटेने ती तेथे पोहोचली. केरळचे उदाहरण द्यायचे तर पूर्ण द्यावे.

आता विरोधकांचा सर्वांत जड मुद्दा. तो असा की व्यावसायिक विषय नेहमी दुसऱ्यांच्या मुलांसाठी असतो. डॉक्टरांची, प्राध्यापकांची, संस्थाचालकांची मुले हेल्थ केअर घेणार नाहीत. घेतील त्या बिडी वळणाऱ्या आईच्या निपाणीतल्या मुली आणि बेळगावात उद्यमबागेच्या फौंड्रीत राबणाऱ्या बापाची मुले. दुसऱ्याचे मलमूत्र काढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या गळ्यात जातीने बांधले, त्यांच्याच नातवंडांना शाळेच्या वेळापत्रकातून तेच काम पुन्हा द्यायचे, आणि त्याला 'स्किल' म्हणायचे. हा आक्षेप भावनेचा नाही, इतिहासाचा आहे. 1953 साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी योजना आणली: शाळा रोज तीन तास आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा, म्हणजे बापाचा धंदा शिकायचा. 'कुलकसबाचे शिक्षण' म्हणून जातिविरोधी नेते पेरियार आणि इतरांनी तिच्यावर झोड उठवली, 1954 मध्ये राजगोपालाचारींना पायउतार व्हावे लागले आणि कामराजांच्या सरकारने योजना गुंडाळली. तो विरोध न्याय्य होता. कुंभाराच्या पोराने कुंभारच व्हावे, असे सरकार सांगत असेल तर शाळा उघडायची कशाला?

आपल्याकडे या आक्षेपाला उत्तर म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेतले जाते. 'कमवा आणि शिका' ही त्यांचीच शिकवण, मग काम शिकण्यात लाज कसली, असा युक्तिवाद होतो. तो आदराने केलेला असला तरी फसवा आहे. 1919 साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेत मुले शेतात राबली, विहिरी खणल्या, स्वयंपाक केला. पण ती राबली गणित, इतिहास आणि इंग्रजी शिकता यावे म्हणून, त्या विषयांच्या बदल्यात नव्हे. कष्ट हे शिक्षणाची फी होते. शिक्षणाच्या जागी कष्ट ठेवण्याला कर्मवीरांचा आधार काढणे हा त्यांच्या नावाचा गैरवापर आहे.

इतके मान्य केल्यावरही मी विषयाच्या बाजूने उभा राहतो, कारण राजगोपालाचारींच्या योजनेचा दोष काम शिकवण्यात नव्हता. कोणते काम कोणी शिकायचे हे तिथे जन्माने ठरत होते, आणि शिकवणार होता तो बाप, शिक्षक नव्हे. रुग्णसेवेचा विषय याच्या बरोबर उलट जाऊ शकतो. एका वर्गातली पाटील, कांबळे, देसाई, मुल्ला अशी सगळी आडनावे पाळीपाळीने बेडपॅन द्यायला शिकली, त्यात मुलगे बसले, आणि ते कसे द्यायचे याला गुण मिळाले, तर जातीने एका समूहावर ढकललेले काम पहिल्यांदाच सर्वांचे ज्ञान होते. आज ते तसे नाही. घरातले माणूस अंथरुणाला खिळले की काय होते ते आपण पाहतोच. मुलगा गोव्यात किंवा पुण्यात, नाहीतर सैन्यात. मागे सून, आणि सुनेच्या हाताखाली नववी-दहावीची मुलगी. तिची शाळा बुडते, तिला कोणी शिकवत नाही, आणि तिने जे केले त्याला काम म्हणण्याची पद्धत नाही. मुलींवर हा विषय लादू नका असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की तो घरोघर केव्हाच लादलेला आहे, फक्त पुस्तकाशिवाय, शिक्षकाशिवाय आणि मुलग्यांना वगळून.

'पण यात शिकायचे काय? हे तर घरातल्या बाया पहिल्यापासून करत आल्या,' हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर तत्त्वचर्चेत न देता एका कृतीपाशी थांबून द्यावे लागेल. खुब्याचे हाड मोडलेली किंवा लकवा झालेली म्हातारी उताणी पडून आहे. तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे असते, एवढे बहुतेकांनी ऐकलेले असते. पण वळवायचे कसे? दंडाला धरून ओढले तर दुबळ्या बाजूचा खांदा निखळू शकतो. कपडे धरून सरकवले तर चादरीवर घासून कातडी सोलते, आणि पाठीवर फोड येण्याचे ते एक मोठे कारण असते. म्हणून आधी तिला सांगायचे की आता वळवतोय. पलीकडचा गुडघा वाकवायचा, पलीकडचा हात छातीवर घ्यायचा, एक हात तिच्या खांद्यामागे आणि दुसरा कमरेमागे लावून अंग एकसंध आपल्याकडे आणायचे. लकवा असेल तर दुबळ्या हाताला वळताना आधार द्यायचा, आणि खुबा मोडलेला असेल तर पाय कितपत हलवायचा हे आधी डॉक्टरांना विचारून घ्यायचे. पाठीशी एक उशी, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक, आणि टाच अंथरुणाला टेकणार नाही अशी पोटरीखाली घडी. मग माकडहाड, टाचा, कोपर बघायचे. कुठे लाली दिसली तर बोटाने दाबून सोडायचे. दाबल्यावर ती जागा फिकी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरते आहे. दाबूनही लालीच राहिली, तर आतल्या पेशींना इजा व्हायला सुरुवात झाली आहे आणि त्या जागेवर आता पुन्हा भार द्यायचा नाही. सावळ्या कातडीवर ही लाली चटकन दिसत नाही, म्हणून तेथे हाताने उष्णता आणि कडकपणा पाहावा लागतो.

या एका कृतीत शरीररचना आहे, रक्ताभिसरण आहे, घर्षण आहे, तरफेचे तत्त्व आहे आणि समोरच्या माणसाची लाज राखण्याचा शिष्टाचार आहे. घरातल्या बायांना यातले बरेच अनुभवाने समजले हे खरे, पण अनुभव यायला आधी एका सासूच्या पाठीला जखम व्हावी लागली. लकव्याच्या रुग्णाला मायेने, झोपवूनच पेज भरवणारी कितीतरी घरे आहेत. गिळण्याची क्रिया दुबळी झालेली असते, पेज श्वासनलिकेत उतरते, दोन दिवसांनी ताप येतो आणि न्युमोनिया झाला म्हणून मिरजेला किंवा बेळगावला धावाधाव होते. भरवण्याआधी उठवून बसवायचे, हनुवटी किंचित खाली ठेवायला सांगायचे, घास छोटा द्यायचा, खोकला आला की थांबायचे आणि खाणे झाल्यावर अर्धा तास आडवे करायचे नाही, हे सांगायला एक तास पुरतो. हा तास दहा वर्षांच्या शालेय आयुष्यात कुठेच नसावा, हे कोणत्या दर्जेदार शिक्षणाचे लक्षण आहे?

हात धुण्याचा धडा पाहून तर पालक हसतात. हसण्याआधी व्हिएन्नाची हकिगत आठवावी. तेथील प्रसूतिगृहातले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांच्या ध्यानात आले की डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी पाहत त्या विभागात बाळंतिणी सुइणींच्या विभागापेक्षा कितीतरी अधिक संख्येने तापाने मरतात. शवविच्छेदन करून आलेले हात क्लोरिनच्या द्रावणाने धुण्याची सक्ती त्यांनी 1847 साली केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. युरोपातल्या विद्वान डॉक्टरांना ते पचले नाही. सभ्य माणसाचे हात घाण असू शकतात हेच त्यांना अमान्य होते. क्षुल्लक वाटणाऱ्या कृतीला शास्त्र मानायला प्रतिष्ठित लोक तयार नसतात, त्याची किंमत दुसरेच कोणी मोजते.

आणि प्रतिष्ठेचेच म्हणाल तर ती कामाच्या कपाळावर लिहिलेली नसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडात रुग्णालयातली नर्स म्हणजे दुसरे काही न जमलेली, दारू पिणारी बाई, असा लौकिक होता. 1860 मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा निघाली, नोंदी, हवा, स्वच्छता, शिस्त यांचा अभ्यासक्रम ठरला, आणि दोन पिढ्यांत तेच काम मध्यमवर्गीय मुलींचा सन्माननीय पेशा बनले. आपल्याकडे 1909 साली पुण्यात सेवासदन उभे राहिल्यावर रमाबाई रानड्यांनी स्त्रियांना, त्यातही विधवांना, परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले तेव्हा उच्चवर्णीय समाजाने नाके मुरडलीच होती: परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा? आज त्याच समाजाच्या मुली डॉक्टर झाल्याच्या बातम्या फोटोसकट छापून येतात. दर 3 जानेवारीला आपण शाळाशाळांतून सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालतो. त्या 10 मार्च 1897 रोजी गेल्या, त्या प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना तोच रोग होऊन. त्यांच्या शिक्षणाच्या कामाचा वारसा सांगायचा आणि अखेरचे काम मात्र 'आमच्या मुलींनी असले करायचे का' म्हणून झटकायचे, ही विसंगती कोणाला टोचत कशी नाही?

मात्र प्रतिष्ठा शाळेतल्या भाषणांनी येत नाही, पगाराने आणि हक्काने येते, हे विरोधकांचे म्हणणे खोडता येणार नाही. सरकारनेच या कामाची बूज राखलेली नाही. गावोगावची आशा कार्यकर्ती आजही 'मानधना'वर आहे, कर्मचारी म्हणून नाही. 1975 पासून चाललेल्या अंगणवाडी योजनेतल्या सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला 2022 साली सांगावे लागले. खासगीत तर विचारूच नका. म्हाताऱ्यांना सांभाळायला ब्यूरोमार्फत चोवीस तासांसाठी पाठवलेल्या बाईला झोपायला किती तास मिळावेत याचा कोठे करार नसतो. पण यातून विषय शिकवू नये असे कसे निघते? आपल्या कामात कौशल्य काय आहे हे ज्याला नेमके सांगता येत नाही, त्याची मजुरी सर्वांत आधी पाडली जाते. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या रुग्णालयातल्या हेळसांडीचा चौकशी अहवाल 2013 मध्ये आला, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या एका अहवालाने दाखवले की रुग्णांच्या सर्वांत जवळ असणाऱ्या मदतनिसांच्या प्रशिक्षणाला काही किमान मोजमापच नाही. 2015 पासून तेथे त्यांच्यासाठी एक समान प्रमाणपत्र सुरू झाले. तेथील शाळांतही 'हेल्थ अँड सोशल केअर' विषय आहे आणि तो बहुतांशी मुलीच घेतात. म्हणजे पगार आणि मुलग्यांचा सहभाग हे दोन्ही प्रश्न तिथेही सुटलेले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एवढेच की त्यांनी विषय बंद केला नाही.

रुग्णालयात पाठवलेल्या मुलींच्या सुरक्षिततेची भीतीही रास्त आहे, विशेषतः 2024 मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात तरुण महिला डॉक्टरवर अत्याचार करून तिची हत्या झाली त्या घटनेनंतर. तिचे उत्तर सोपे आहे: दिवसाची वेळ, गटाने जाणे, सोबत शाळेची शिक्षिका, आधी हिपॅटायटिस बी ची लस, आणि सुई-रक्ताच्या कामाला हात नाही. हे जमत नसेल त्या शाळेने विषय घेऊ नये.

आता सीमाभागाचे म्हणून जे आहे ते. आमच्याकडे आरोग्याचा नकाशा राज्याच्या रेषेला जुमानत नाही. 1894 मध्ये डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय काढले तेव्हापासून अथणी, रायबाग, चिकोडीचा रुग्ण मिरजेला जातो. चंदगड, दोडामार्गचा रुग्ण बेळगावला येतो. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमेवरच्या 865 गावांतील लोकांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ देण्याचे ठरवले, कर्नाटकने त्यावर हरकत घेतली आणि कोणाच्या विम्याखाली कोणी यावे यावर दोन सरकारे एकमेकांना सुनावत राहिली. आमच्या पुढाऱ्यांनीही त्यावर भरपूर सभा घेतल्या. शस्त्रक्रियेचे पैसे कोण देणार हा प्रश्न लहान नाही. परंतु शस्त्रक्रिया होऊन रुग्ण जांबोटीच्या किंवा कणकुंबीच्या घरी परत येतो, पावसाळ्यात रस्ता तुंबतो, टाके, पथ्य, गोळ्यांच्या वेळा आणि कूस बदलणे हे सगळे घरच्यांवर पडते, तेव्हा दोन्ही राज्यांचा विमा बंद असतो. त्या घरात या गोष्टी समजणारे एक तरी माणूस असावे, ही मागणी आमच्या एकाही ठरावात मला दिसलेली नाही.

भाषेचा मुद्दा यातच गुंतलेला आहे, आणि त्यावर माझे म्हणणे दोन्हीकडच्या अभिमान्यांना आवडणार नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टर कन्नड बोलतात, कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो, आणि खानापूरच्या आडरानातली आजी फक्त मराठी बोलते. पोटात नेमके कोठे, कधीपासून आणि कसे दुखते हे डॉक्टरांपर्यंत पोहोचते ते सोबत आलेल्या कोणीतरी केलेल्या अर्धवट दुभाषेपणातून. म्हणून हा विषय मराठी शाळेत मराठीतूनच शिकवला पाहिजे, पुस्तक मराठीत हवे आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा मराठीत देता आली पाहिजे. तो भाषिक अल्पसंख्याकांचा हक्क आहे आणि रुग्णाचीही गरज आहे. पण त्याच कारणासाठी या मुलांना कन्नड उत्तम आले पाहिजे. कर्नाटकात दहावीला असा व्यावसायिक विषय तिसऱ्या भाषेऐवजी घेण्याची सोय ठेवली आहे. ज्या मराठी शाळेत ही तिसरी भाषा कन्नड असते, तेथे त्या सोयीचा अर्थ कन्नड सोडणे असा होतो, आणि काही पालकांना तोच या विषयाचा मोठा फायदा वाटतो: कन्नडचा पेपर टळला! यापेक्षा आत्मघातकी हिशोब मला ठाऊक नाही. रुग्णाच्या उशाशी उभे राहून एका भाषेत ऐकायचे आणि दुसऱ्या भाषेत अचूक सांगायचे, हे कौशल्य सीमाभागातल्या मुलाला जितके सहज साधेल तितके बेंगळुरूच्या किंवा पुण्याच्या मुलाला साधणार नाही. तेच काढून घेतले तर त्याच्या हाती उरते काय? कन्नड शिकल्याने कोणाचा सीमालढा सैल पडत नाही. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा पुराव्यांवर चालेल, आमच्या मुलांच्या कन्नडमधल्या नापासांवर नव्हे. तेव्हा हा विषय तिसऱ्या भाषेच्या जागी न घेता तिच्याबरोबर, जादा विषय म्हणून द्यावा अशी मागणी मराठी संस्थांनी शिक्षण खात्याकडे करावी, आणि ती मान्य होईपर्यंत निदान कन्नडचे तास आपल्या पदरचे घ्यावेत.

राहिला शिक्षकाचा प्रश्न, आणि खरे सांगायचे तर सगळे त्यावरच अडते. बहुतेक राज्यांत या विषयांचे शिक्षक एजन्सीमार्फत कंत्राटावर नेमले जातात. करार वर्षाचा, पगार उशिरा, आणि जूनमध्ये आलेला शिक्षक पुढच्या जूनला असेलच असे नाही. अशा माणसाच्या हाती प्रात्यक्षिकाचा पुतळा आणि रक्तदाबाचे यंत्र दिले तरी ते कपाटातून बाहेर निघत नाही. बेळगावात 1963 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, नंतर सरकारीही झाले, नर्सिंग कॉलेजे बरीच आहेत, लष्करी आणि सरकारी रुग्णालयांतून निवृत्त झालेल्या सिस्टर शहरात आणि आसपासच्या गावांत राहतात. त्यांच्यातल्या ज्यांना शिकवण्याची आवड आहे त्यांना संस्थेने स्वतःच्या पैशातून, पूर्ण वर्षासाठी, इतर शिक्षकांच्या बरोबरीने नेमावे. आणि वार्षिक प्रात्यक्षिक शाळेतल्या कोणी न घेता नर्सिंग कॉलेजच्या अध्यापकांनी येऊन घ्यावे, म्हणजे गुणांची खिरापत होणार नाही. शहरापासून लांबच्या शाळांना रुग्णालय नाही, पण प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि आशा कार्यकर्ती आहे. तिच्याबरोबर घरभेटीला जाणे हे वॉर्डातल्या फेरीपेक्षा कमी शिकवणारे नाही, फक्त तिला त्या दिवसाचे वेगळे पैसे मिळाले पाहिजेत. वर्गातली निम्मी नावे मुलग्यांची असावीत, आणि विषय कोणी घ्यायचा हे आठवीच्या गुणांवरून मुख्याध्यापकांनी ठरवू नये. येत्या जूनपर्यंत हे जुळत नसेल तर विषय एक वर्ष उशिरा सुरू करावा, आणि त्या वर्षात विज्ञानाचे आणि कन्नडचे तास पूर्ण भरतात की नाही ते पालकांनी शाळेत जाऊन पाहावे.